मागचीनं वाट सांभाळायची

१७ ऑगस्ट

ताई,

फोन तू उचलत नाहीस, मेसेज बघत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेतला. हॉस्टेलचा पत्ता आईकडून मिळवला. ती म्हणाली, नर्सिंगच्या मुलींना श्वास घ्यायला फुरसत नसते, उत्तराची आशा धरू नकोस. मी म्हटलं, फुरसतीचा प्रश्न नाहीये, तिला मीच नको आहे. आईनं विषय बदलला. तुझ्यामाझ्यात जे झालं ते खरं तर तिच्यामुळे झालं, पण ती साळसूदपणे भाजी निवडत बसली.

तर, क्रॉस कंट्रीचा सीझन सुरू झाला. तू शाळेतून बाहेर पडलीस त्याच दिवशी मी मनाशी ठरवून टाकलं होतं की आता टीममध्ये पहिली मी. दोन वर्षं तुझ्या पाठीकडे बघत धावले. तुझी वेणी डावीकडून उजवीकडे हलताना बघून मला गरगरायचं. म्हटलं, आता समोर मोकळा रस्ता दिसेल. तो दिसला बरोबर तीन दिवस.

चौथ्या दिवशी एक नवी मुलगी आली. तिच्या आईनं बाजाराच्या कोपऱ्यावरची बंद पडलेली लॉन्ड्री चालवायला घेतलीय. मुलगी इतकी बारीक की बाजूला वळून उभी राहिली तर दिसायची नाही, आणि नजर टोकदार. मी मनात तिला टाचणी म्हणायला लागले, एकदा तोंडातून निसटलं, आता सगळी टीम तिला टाचणी म्हणते. तीसुद्धा हसून ओ देते. मला वाटलं होतं, चिडेल.

पाण्याच्या टाकीच्या चढावर ती माझ्या बाजूनं पुढे गेली. जाता जाता विचारलंन, हा चढ संपतो का कुठे? चढावर, धावताना, बोलत होती. माझा जीव घशाशी आला होता. सरांनी घड्याळ दोनदा बघितलं आणि मग काय केलं माहितेय? कपाट उघडून तुझे स्पाइक्स काढले आणि तिला दिले. बसले तिला, अगदी मापात. मला ते दोन नंबरांनी लहान होतात हे मान्य, तू माझ्या पायांना होडी म्हणायचीस तेही मान्य. पण मला एकदा विचारायला काय झालं होतं सरांना?

तुला वाईट वाटेल म्हणून सांगतेय. तुझे बूट कुणाच्याही पायात गेलेत.

१२ सप्टेंबर

ताई,

पहिली शर्यत झाली. टाचणी चौथी, मी अकरावी. चार किलोमीटरच्या शर्यतीत अकरावी येणं वाईट नसतं. पण तिच्या शेजारी उभी राहिले की अकरावी म्हणजे आजारीच पडले होते असं वाटतं.

आई बघायला आली होती. तिला अजून गुणांचं गणित कळत नाही. मी पुन्हा सांगितलं की प्रत्येक शाळेच्या सात जणी धावतात, पहिल्या पाच जणींचे क्रमांक मिळवायचे आणि ज्यांची बेरीज सगळ्यात कमी ती शाळा पहिली. ती म्हणाली, कमी मिळवून पहिलं यायचं असेल तर तुझं प्रगतिपुस्तक यांनाच दाखवू या. मग टाचणीला पाण्याची बाटली द्यायला गेली. माझी बाटली माझ्याच हातात होती, रिकामी.

सरांनी तिला आणि मला जोडीला लावलंय. तुझ्यामाझ्या वेळचा नियम अजून तसाच आहे: पुढचीनं पाय सांभाळायचे, मागचीनं वाट. टाचणी मान खाली घालून दगड, खड्डे, मुळं बघत सुटते आणि मी मागून ओरडते, डावीकडे, उजवीकडे, समोर चर आहे. तुझ्यासाठी ओरडताना मला कधी जड गेलं नाही. तू माझी बहीण होतीस. हिच्यासाठी ओरडायचं म्हणजे स्वतःचा अर्धा श्वास काढून तिला द्यायचा, आणि तिनं तो घेऊन आणखी पुढे जायचं. सर म्हणतात, याला टीम म्हणतात. मी याला दुसरं काहीतरी म्हणते, पण ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

एक गोष्ट खरी सांगते. ती वाईट नाही. वाईट असती तर बरं झालं असतं. कालच तिनं माझ्या बुटाची सुटलेली नाडी वाकून बांधून दिली. तिच्या केसांच्या भांगाकडे बघत मी उभी राहिले आणि देवाशप्पथ सांगते, मला तिला ढकलून द्यावंसं वाटत होतं.

३ ऑक्टोबर

ताई,

कमाल केलीस तू.

आज सरावात आमच्या पाचवीचा गुडघा खरचटला. ही पाचवी म्हणजे टीममध्ये पाचव्या नंबरावर धावणारी, दर दोन मिनिटांनी घड्याळ बघणारी, तिला तू ओळखतेस. सर म्हणाले, टाचणीच्या पिशवीत चिकटपट्टी आहे, आण. मी पिशवी उघडली. चिकटपट्टी वरच होती. तिच्याखाली पाकीट होतं आणि पाकिटावर तुझं अक्षर. तुझा तो लांब शेपटीचा र जगात दुसरं कुणी काढत नाही.

मला वाटलं, माझं पत्र चुकून हिच्याकडे आलं. इतकी मूर्ख आहे मी. पाकिटावर नाव तिचं होतं.

मग सगळं विचारून घेतलं. सर नाही सांगणार म्हणत होते, मी पिच्छा पुरवला. बूट तूच द्यायला सांगितलेस. तिनं आभाराची चिठ्ठी पाठवली, तू उत्तर दिलंस, तिनं पुन्हा लिहिलं. तुझी सहा पत्रं झाली म्हणे. मी तुला दोन लिहिली, तुझ्याकडून टाचणीच्या टोकाएवढंही काही आलं नाही. आणि लॉन्ड्रीवालीच्या मुलीला, जिला तू डोळ्यांनी पाहिलेलंही नाहीस, तिला चार चार पानं. उतारावर हात सैल सोड, चढावर पावलं आखूड टाक. वरच्या पानावरची एवढीच एक ओळ वाचली मी, बाकी काही वाचलं नाही.

तुझ्या राज्यात वेळ आहे तर. फक्त माझ्यासाठी नाहीये.

मला वर्षभर वाटत होतं, तू रागावली आहेस, राग ओसरेल. आज कळलं की तू रागावलेली नाहीस, तू बहीण बदललीस. अंगाचा नुसता तिळपापड झालाय माझा. आई म्हणतेय जेवायला ये, आणि मला जेवायचं नाही.

२५ ऑक्टोबर

ताई,

विभागाची अंतिम शर्यत काल झाली. सीझन संपला. आपण तिसरे आलो आणि पुढच्या फेरीत पहिल्या दोनच शाळा जातात. एकशे दहा गुण, दुसऱ्या शाळेचे एकशे चार. सहा गुणांनी गेलं.

मी तिसरी आले. हो, तिसरी. एवढी वर तूही कधी आली नाहीस, हे सहज सांगतेय. आईचं शेजारच्या सगळ्यांना सांगून झालंय. सरांनी पुढच्या वर्षी मला कॅप्टन करायचं जाहीर केलं.

टाचणी अडतिसावी आली. शेतातल्या पत्र्याच्या शेडपाशी वाट चुकली. मोठी वाट सरळ कालव्याकडे जाते आणि शर्यतीची अरुंद वाट शेडच्या मागून उजवीकडे वळते. वळणावरचं निशाण वाऱ्यानं पडलं होतं आणि चुन्याची रेघ आधीच्या शर्यतीत तुडवली गेली होती. ती सरळ गेली ती थेट कालव्याच्या कुंपणापर्यंत. परत येऊन धावली बिचारी, पण तोवर पस्तीस जणी पुढे गेल्या होत्या. आदल्या दिवशी सरांनी सगळ्यांना वाट चालून दाखवली होती, त्यामुळे नाही म्हटलं तरी चूक तिचीच. मी मागे होते, पण बऱ्याच अंतरावर होते. मला काही दिसलं नाही.

थकलेय. नंतर लिहीन.

१ नोव्हेंबर

ताई,

टाचणीशी आता कुणी बोलत नाही. आमची पाचवी तिच्या तोंडावर म्हणाली की आम्ही सगळ्यांनी तीन महिने रक्त आटवलं आणि हिला सरळ बघून चालता येत नाही. टाचणीनं ऐकून घेतलं आणि पिशवी खांद्याला लावली. दुसऱ्या दिवशी तिनं तुझे स्पाइक्स घासून पुसून सरांच्या टेबलावर आणून ठेवले आणि टीम सोडल्याचं सांगितलं. सर स्वतःलाच दोष देतायत की मी सकाळी निशाणं पुन्हा तपासायला हवी होती. आणि मला सगळ्या जणी विचारतायत, कॅप्टन, पुढच्या वर्षी काय करायचं?

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. हे पत्र चार वेळा सुरू केलं, आता एका दमात लिहिते.

मी बऱ्याच अंतरावर नव्हते. आठ पावलांवर होते. शर्यतीतल्या पहिल्या दोघी केव्हाच शेडमागे गेल्या होत्या, मागच्या बऱ्याच मागे होत्या. शेडपाशी आम्ही दोघीच. निशाण पडलेलं मला लांबूनच दिसलं. टाचणी मान खाली घालून सरळ निघाली. मला एकच शब्द म्हणायचा होता, उजवीकडे. तीन महिने हजार वेळा म्हटलेला. दम नव्हता असं नाही, दम होता. तोंडही उघडलं होतं.

आणि मला तुझं पत्र आठवलं. तेही मी खोटंच लिहिलं होतं की एकच ओळ वाचली. वरचं सगळं पान वाचलं होतं मी. त्यात तू तिला लिहिलं होतंस, "माझी बहीण मागे असली की वाटेची चिंता सोड. ती तुला चुकू देणार नाही." मला लिहायला तुझ्याकडे शब्द नव्हता आणि माझी हमी मात्र तिला देऊन बसली होतीस. मी तोंड मिटलं आणि उजवीकडे वळले.

चुकून झालं नाही हे. एक पूर्ण श्वास विचार केला आणि मग गप्प बसले. आणि त्यानंतर वाईट वाटलं असंही समजू नकोस. छान वाटलं. समोर कुणाची पाठ नव्हती. शेवटचा किलोमीटर मी आयुष्यात धावले नाही इतकी सुंदर धावले. वाईट वाटायला लागलं ते सर फळ्यावर बेरीज करायला लागले तेव्हा.

आता तेही सांगून टाकते जे तुला सांगायचं राहिलंय. गेल्या वर्षी तुझी नडगी दुखते हे मी आईला सांगितलं, तिनं डॉक्टरकडे नेलं आणि तुझी शेवटची शर्यत गेली. मी सगळ्यांना सांगत आले की काळजीपोटी सांगितलं. डॉक्टरही म्हणाले, बरं झालं वेळेवर कळलं, हाड मोडलं असतं. त्यामुळे मी आणखीच शहाणी ठरले. पण तू लंगडतेस हे मला आठ दिवस आधीपासून ठाऊक होतं. आठ दिवस मूग गिळून गप्प बसले. नवव्या दिवशी पेपरवाला फोटो काढायला आला आणि मला म्हणाला, तू जरा बाजूला हो, फक्त टीममधल्या पहिलीचा हवाय. मी बाजूला झाले, घरी गेले आणि आईला सांगितलं. काळजी वगैरे काही नव्हतं. तू मला चुगलखोर म्हणालीस ते कमीच होतं.

एकदा बोलायला नको होतं तेव्हा बोलले असं तुला वाटतं. मला वाटतं, बोलायलाच हवं होतं, पण आठ दिवस आधी. आणि यंदा बोलायचं तेव्हा गप्प बसले. दोन्ही वेळा पोटात दुखत होतं, बाकी काही नाही.

उद्या सरांकडे जाईन म्हणते. काल आणि परवाही हेच म्हटलं होतं.

९ नोव्हेंबर

ताई,

सांगितलं.

सोमवारी सरांना गाठलं. ते सामानाच्या खोलीत निशाणं मोजून बांधत होते. मी सांगत असताना त्यांचे हात थांबले नाहीत, फक्त मोजणी चुकली आणि त्यांना पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, हे मला एकट्याला सांगून भागणार नाही.

मग टीमसमोर सांगितलं. कॅप्टनपद गेलं, ते जाणारच होतं. आमची पाचवी उठून बाहेर गेली. जाताना म्हणाली, त्या पोरीला मी काय काय बोलले, ते आता कुठे नेऊन ठेवू? बाकीच्या आपापल्या पिशव्या भरत बसल्या. माझ्याशी आता कुणी बोलत नाही आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

आईलाही सांगितलं, दोन्ही. तिनं शेजारी जाऊन माझं कौतुक परत घेतलं नाही, पण दोन दिवस मला हाकही मारली नाही.

टाचणीकडे जायला मला काल शनिवारपर्यंत धीर झाला नाही. लॉन्ड्रीत वाफेनं काचा धुरकटल्या होत्या. तिच्या आईनं ओळखलं, ये गं, टीममधली ना तू, म्हणाली आणि आम्हाला मागच्या खोलीत पाठवलं. तिथे इस्पितळाच्या चादरींचा ढीग पडला होता. टाचणीनं एका चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली, तिकडून ताण, एवढंच म्हणाली. चादर ताणून धरलेली होती तेव्हाच मी सगळं सांगितलं. तिला आधीच कुणीतरी सांगितलेलं असणार, पण तिनं मला मध्ये थांबवलं नाही. तुझ्या पत्रातली ती ओळसुद्धा सांगितली.

ती घडी घालत माझ्यापर्यंत आली, माझ्या हातातली टोकं घेतली आणि चादर ढिगावर ठेवली. मग म्हणाली, "तुझी पावलं ऐकू येईनाशी झाली ते मला कळलं होतं."

मला वाटलं, तिनं ओळखलं होतं. तसं नव्हतं. तिनं दुसरी चादर उचललीच नाही, नुसती टेबलाला टेकून उभी राहिली आणि माझ्याकडे न बघता बोलत राहिली. म्हणाली, "मला वाटलं, संपली ही. दमली, मागे पडली. तुला सांगते, मला इतका आनंद झाला की मी वळूनच बघितलं नाही. नाही तर मागे पावलं नाहीत म्हणजे काहीतरी चुकलंय हे शेंबड्या पोरालाही कळेल. मला मागे बघायचंच नव्हतं. कुंपण आलं तेव्हा थांबले."

म्हणून ती कुणापाशी एक अक्षर बोलली नव्हती. सगळ्यांचं निमूट ऐकून घेतलं ते यासाठी.

मी विचारलं, माझं काय एवढं खुपत होतं तुला? पुढे तर तूच होतीस. तेव्हा तिनं कपाटातून तुझी पत्रं काढली आणि इस्त्रीच्या टेबलावर आपटली. म्हणाली, "बघ ना एकदा. मी विचारते, चढ कसा काढू? ही लिहिते, माझी बहीण असा काढते. मी विचारते, शर्यतीआधी भीती वाटते, काय करू? ही लिहिते, माझी बहीण शिट्टी वाजवायची, तिचं बघून मला हसू यायचं. रागावलीय तुझ्यावर, तेही लिहिलंय, पानभर. चार पानांत माझं असं काय असतं? वर नाव. मला बहीण नाही, मला वाटलं होतं एक मिळाली. तर तीही तुझीच."

ताई, मी तिथे चादरींच्या ढिगापाशी खाली बसले. ती पण बसली. रडलो वगैरे नाही. तिच्या आईनं बाहेरून विचारलं, झाल्या का घड्या, आणि आम्ही दोघी एकदम झाल्या म्हणालो, झाल्या नव्हत्या तरी. मग उरलेल्या सगळ्या चादरींच्या घड्या घातल्या. पुढच्या वर्षी धावणार का विचारलं तर म्हणाली, तुझ्यापुढे तर मुळीच नाही. गळ्यात गळे घातले असं समजू नकोस. दारापर्यंत सोडायलाही आली नाही ती.

निघताना ती म्हणाली, पत्रं घेऊन जा, तुझीच आहेत तशीही. मी हात लावला नाही. वरचं पान उलटं पडलं होतं तरी तुझा र ओळखू येत होता, आणि तो सगळा गठ्ठा उचलून पळत सुटावं असं मला वाटत होतं. अजूनही वाटतंय. तिच्याकडे सहा आहेत आणि माझ्याकडे एक नाही, हे मला आजही सहन होत नाही, एवढं सगळं होऊनही. पण ती तिची आहेत. तिनं प्रश्न विचारले, तिला उत्तरं मिळाली.

मला माझं हवंय. शिव्या घाल, चुगलखोर म्हण, नडगीचं काय ते सगळं पानभर काढ, टाचणीला लिहिलंस तेच माझ्या तोंडावर लिही. एक ओळ असली तरी चालेल. फक्त पाकिटावर नाव माझं घाल.